हे खरे आहे काय?

खालचा मजकूर एकदा सावकाश वाचा. प्रश्न मी रचलेला आहे, त्यातलं गाव खरं नाही आणि ठेकेदारही नाही. पण महाराष्ट्र विधानमंडळात छापल्या जाणाऱ्या प्रश्नांचा साचा हाच असतो.

"सन्माननीय पाणीपुरवठा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील तमुक गावाच्या नळपाणी योजनेचे काम अपूर्ण असताना ठेकेदारास पूर्ण देयक अदा करण्यात आल्याचे माहे एप्रिलमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

आणि त्याखाली मंत्र्याच्या नावानिशी उत्तर: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) चौकशी सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही."

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे सगळं सरकारी पाल्हाळ वाटतं. मलाही वाटायचं. पण हा साचा वर्षानुवर्षांच्या झटापटीतून घडलेला आहे. त्यातला प्रत्येक शब्द कुणाला तरी कोंडीत पकडण्यासाठी किंवा कोंडीतून सुटण्यासाठी बसवलेला आहे.

"वा त्यादरम्यान" हेच घ्या. आमदाराने नुसतं "१२ एप्रिल रोजी" असं लिहिलं आणि देयक प्रत्यक्षात ११ एप्रिलला निघालं असेल, तर खात्याला "हे खरे नाही" असं लिहून मोकळं होता येतं. ते उत्तर खोटंही ठरत नाही. म्हणून तारखेभोवती थोडी सैल जागा ठेवायची. पुढचे "असल्यास" आणि "नसल्यास" म्हणजे दोन्ही दारांवर बसवलेले पहारेकरी. चौकशी केली असेल तर निष्कर्ष सांगा, केली नसेल तर का नाही ते सांगा. शेवटचा "विलंबाची कारणे" हा भाग तर सरकारकडून उशीर होणारच, असं धरूनच चालतो.

सरकारचीही तयारी असते. चौकशी "सुरू आहे" म्हटलं की विलंब झाला असं म्हणता येत नाही. मग कारणं कुठून येणार? प्रश्न उद्भवत नाही.

मुळात मंत्र्याने उत्तर द्यायचंच कशाला? राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, कलम १६४ नुसार राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला. ही जबाबदारी अविश्वास ठरावात दिसते खरी, पण अविश्वास ठराव म्हणजे तोफ, ती पाच वर्षांत एखाद्या वेळी निघते. रोजच्या वापराचं हत्यार प्रश्न हेच आहे. आणि ते विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या सदस्यालाही वापरता येतं, जरी ही सभागृहं सरकार पाडू शकत नसली तरी.

प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर, उपप्रश्न नाही. (तातडीच्या बाबींसाठी अल्पसूचना प्रश्न हा तिसरा प्रकार आहे, पण तो क्वचितच वाट्याला येतो.) लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेत एका खासदाराला एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच प्रश्नांची सूचना देता येते, किमान १५ दिवस आधी. सूचना इतक्या येतात की कुणाचा प्रश्न वर लागणार हे सोडतीने ठरतं.

तारांकितला मान जास्त. टीव्हीवर तोच दिसतो. पण ११ ते १२ या तासाभरात २० पैकी चार-पाच प्रश्नांपर्यंत गाडी पोचली तरी पुष्कळ, आणि गोंधळ झाला तर एकही नाही. मग उरलेले तारांकित प्रश्नही अखेर लेखी उत्तराच्याच रांगेत जाऊन बसतात. म्हणजे एकूण हिशोब मांडला तर संसदेत सरकारची बहुतेक कबुली लेखीच असते. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हाही अतारांकित प्रश्न चालू राहिले होते. त्याच अधिवेशनातल्या दोन उत्तरांकडे थोड्या वेळाने येतो.

आधी हा कागद फिरतो कसा ते पाहू. आमदाराची सूचना विधानमंडळ सचिवालयात जाते. तिथे ती नियमांत बसते का हे तपासलं जातं. लोकसभेच्या नियमानुसार प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नको, त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप नकोत, मंत्र्याचं मत विचारायचं नाही, "समजा असं झालं तर" अशा कल्पनेवर प्रश्न नको, न्यायप्रविष्ट बाब नको. राज्यांचे नियमही साधारण याच वळणाचे आहेत. स्वीकृत झालेला प्रश्न मंत्रालयात त्या त्या विभागाकडे जातो, तिथून आयुक्तालयात किंवा संचालनालयात, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग तहसीलदार, आणि विषय गावाचा असेल तर शेवटी तलाठी किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर. सरकारी कार्यालयात याला "एलएक्यू" (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभा प्रश्न) म्हणतात. गोव्यात तर हा शब्द वर्तमानपत्रातही सर्रास छापून येतो. "एलएक्यू आलाय, आजच्या आज माहिती पाठवा" हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला त्यातली धावपळ ठाऊक असेल. हिवाळी अधिवेशनात तर अर्धं मंत्रालय फायलींसकट नागपुरात असतं, त्यामुळे ती धावपळ फोनवरून चालते.

माझ्या मते लेखी प्रश्नाची निम्मी करामत या उतरंडीतच उरकते. वर्षभर कपाटात पडलेली फाइल प्रश्नापायी बाहेर येते. अपूर्ण कामाचं देयक मंजूर करणाऱ्या अभियंत्याला आता स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं की काम किती टक्के झालं होतं. काही वेळा उत्तर छापून येण्याआधीच काम सुरू होतं, म्हणजे मग "हे खरे नाही" असं लिहिता येतं! आमदाराला यात चिडण्यासारखं काही नसतं, गावात पाणी आलेलं असतं.

आता २०२० ची ती दोन उत्तरं. टाळेबंदीत हजारो मजूर चालत, ट्रकमधून, मिळेल त्या वाटेने घरी निघाले होते. औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ती मे महिन्यातली पहाट अजून कुणी विसरलेलं नाही. सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारलं गेलं की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली का. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर असं होतं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. देशभर संताप झाला. पण त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं की ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांमधून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

सरकार एकच, आठवडाही एकच. एका ठिकाणी आकडाच नाही, दुसऱ्या ठिकाणी ९७. फरक असा की दुसरा प्रश्न नोंद असलेल्या जागी जाऊन धडकला. गाडीत माणूस दगावला की पोलिसांकडे त्याची नोंद होते, पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनाला जातो. "स्थलांतरित मजूर" या नावाची मात्र कुठलीच वही नाही. चांगला प्रश्न लिहिणारा आधी स्वतःला विचारतो: ही माहिती कुणाच्या कपाटात, कोणत्या नोंदवहीत असेल? मग तो नेमकी ती वही मागतो. "राज्यात कुपोषण वाढले आहे काय" असं विचारणाऱ्याला योजनांची यादी मिळते. ज्याला काही हाती लागायला हवं असतं तो अमुक प्रकल्पातल्या अंगणवाड्यांतली तीव्र कमी वजनाची बालकं, महिन्यागणिक, गेल्या तीन वर्षांची मागतो.

उत्तर वाचणं हीसुद्धा एक कला आहे. लेखी उत्तरात सहसा धडधडीत खोटं नसतं. ते इतक्या हातांतून आणि इतक्या सह्यांतून गेलेलं असतं की खोटं लिहायला कुणी धजावत नाही. त्याऐवजी खरं इतकं अरुंद करून लिहिलं जातं की त्यातून प्रश्नच निसटतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण दगावले. तीन महिन्यांनी, जुलैमध्ये, राज्यसभेत प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल प्रश्न आला. लेखी उत्तर तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांच्या नावाने होतं. योगायोग असा की त्या तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्याच दिंडोरीच्या खासदार होत्या. उत्तराचा सारांश असा: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू नोंदवण्याच्या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, आणि प्राणवायूच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी "विशिष्टपणे" कळवलेलं नाही.

त्या एका "विशिष्टपणे"वर सगळा डोलारा उभा आहे. मृत्यू झाले नाहीत असं उत्तर म्हणतच नाही. कळवले नाहीत असं म्हणतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण कोविड लिहिलेलं असतं, प्राणवायूचा रकाना नसतो. प्रत्येक वाक्य कागदावर खरं, आणि नाशिककराला वाचून चीड आणणारं.

असेच काही शब्द वाचणाऱ्याने अधोरेखित करावेत. "अंशतः खरे आहे" दिसलं की कोणता अंश खरा हे शोधा. बहुधा तोच महत्त्वाचा असतो, आणि प्रश्नकर्त्याचा नेम बरोबर लागलेला असतो. "माहिती घेण्यात येत आहे" म्हणजे पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारा. "नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे" यात काळही नाही आणि कर्ताही नाही. "पात्र" हा शब्द तर आपल्याकडे फारच जड आहे. जून २०१९ मध्ये विधानसभेत लेखी उत्तरातून सांगण्यात आलं की २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी ६,८८८ प्रकरणं मदतीस पात्र ठरली. बातमीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले की वाचणाऱ्याला वाटतं, उरलेले शेतीच्या अडचणीमुळे गेले नसावेत. पण पात्रता जिल्हा समिती ठरवते, कर्ज कुणाकडून घेतलं होतं आणि वसुलीचा तगादा होता का, अशा निकषांवर. एक लाखाची मदत मिळण्याचा तो निकष आहे. माणूस का गेला याचा तो निर्णय नव्हे. कसलेला आमदार इथे दुसरा प्रश्न टाकतो: अपात्र ठरवलेल्यांची जिल्हानिहाय कारणं द्या.

आणि उत्तर खरंच चुकीचं निघालं तर? तेव्हा लेखी असण्याचं महत्त्व कळतं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्यसभेत विचारलं गेलं की निवडणूक रोख्यांबद्दल निवडणूक आयोगाने काही आक्षेप घेतले होते का. अर्थ राज्यमंत्र्यांचं उत्तर होतं की आयोगाकडून सरकारला असे कोणतेही आक्षेप आलेले नाहीत. नंतर माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या कागदांत आयोगाचं मे २०१७ चं पत्र निघालं, विधी मंत्रालयाला लिहिलेलं. बोलण्याच्या ओघात चूक झाली असं म्हणायची इथे सोय नव्हती. उत्तर छापलेलं होतं. प्रश्नकर्त्या खासदाराने हक्कभंगाची सूचना दिली. ती मंत्र्याला भोवली नाही, हेही सांगायला हवं. पण रोख्यांवरच्या पुढच्या सगळ्या वादात ते उत्तर आणि ते पत्र शेजारी शेजारी ठेवून दाखवलं गेलं. चूक स्वतःहून लक्षात आली तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करता येतं, आणि तशी निवेदनं होतातही. ती सहसा कुणी वाचत नाही. वाचावीत.

याला जोडूनच आश्वासन समितीचा उल्लेख करायला हवा. मंत्र्याने "तपासून पाहू", "विचाराधीन आहे" असं म्हटलं की ते सरकारचं आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. लोकसभेत १९५३ पासून अशी समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं अशी अपेक्षा असते. आपल्या विधानमंडळातही ही समिती आहे. प्रत्यक्षात आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, सरकार बदलतं, मंत्री बदलतो. तरी यादीतून नाव जात नाही, आणि अधिकाऱ्याला समितीसमोर बसून कारण सांगावं लागतं.

प्रश्नावरून मंत्री गेला असं कधी झालंय का? झालंय, आणि त्या गोष्टीत मुंबई आहे. १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन महामंडळ स्थापन झालं, मुख्य कार्यालय मुंबईत. १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. कंपन्या डबघाईला आलेल्या होत्या. लोकसभेत राम सुभग सिंह यांनी प्रश्न विचारला, उत्तर गुळमुळीत आलं. मग फिरोज गांधी मागे लागले. हे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे, आणि फिरोज तर पंतप्रधानांचे जावई. प्रश्नाला मिळालेलं उत्तर आणि हाती आलेले कागद यांतली तफावत त्यांनी सभागृहात मांडली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मदअली करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, त्याने मुंबईत उघडपणे सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सत्ताधारी बाकांवरून आज येणारे बरेचसे प्रश्न मंत्र्याला योजनांची जाहिरात करायची सोय करून देतात, ते वाचताना मला हमखास फिरोज गांधी आठवतात.

हत्यार म्हटलं की ते विकलंही जातं. १९५१ मध्येच हंगामी संसदेतले एच. जी. मुद्गल हे मुंबईच्या सराफ बाजारातल्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारतात असं चौकशीत निघालं. हकालपट्टीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेणारे ११ खासदार पकडले गेले, आणि बातमी दाखवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्यांचं सदस्यत्व गेलं. त्यांत आपल्या खानदेशातले दोघे होते. खरेदी करणाऱ्याला प्रश्न का हवा असतो, याचा विचार केला की त्याची किंमत कळते. प्रतिस्पर्ध्याच्या परवान्याची फाइल हलवायची असेल, एखाद्या अधिकाऱ्याला धाक दाखवायचा असेल, तर तारांकित प्रश्नाइतकं स्वस्त साधन नाही. प्रश्न टाकून तो "मागे घेण्याचा" धंदाही यातूनच निघतो.

माहितीच्या अधिकाराशी या सगळ्याचं जवळचं नातं आहे. २००५ च्या त्या कायद्यात एक देखणं वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदार जे मागू शकतो ते तुम्हीही मागू शकता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ते कलम बदललं आणि हे वाक्य गाळलं. त्यामुळे काही माहितीसाठी आता आमदाराच्या दारात जाण्याला पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आला आहे.

जायचं तर अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी जावं. सूचना देण्याची मुदत उलटल्यावर गेलात तर आमदाराच्या हातात फार काही उरत नाही. स्वीय सहायकाला भेटावं, कारण प्रश्न बहुधा तोच लिहितो. सोबत लांबलचक निवेदन नको. एक पान पुरतं: गाव, योजनेचं नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख, देयकाची रक्कम, आणि असल्यास बातमीचं कात्रण. "भ्रष्टाचार" हा शब्द लिहू नये, त्यावर प्रश्न अडकू शकतो. "पूर्ण देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय" एवढं पुरे होतं. प्रश्न स्वीकृत झाला की त्याचा क्रमांक मागून घ्यावा. उत्तर छापून येतं तेव्हा शोधायला तोच लागतो, आणि पुढच्या अधिवेशनात "उक्त प्रश्नास दिलेल्या उत्तरात चौकशी सुरू असल्याचे नमूद केले होते, हे खरे आहे काय" असं विचारायलाही.